निर्मितीगृहातील जुन्या प्रकल्पसामग्रीचे जतन : चोरखमारा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

चित्रफीत, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण व मुद्रणरचना यांचे काम करणाऱ्या निर्मितीगृहांमध्ये प्रत्येक प्रकल्पाच्या अखेरीस फार मोठी अंकीय सामग्री शिल्लक राहते. या सामग्रीचे पुढे काय करावे, याचा निर्णय बहुधा घेतलाच जात नाही. प्रस्तुत लेखात अशा सामग्रीची हानी कोणत्या तीन प्रकारे होते, त्यातून काय ठेवावे व काय टाकावे, आणि मर्यादित साधने असलेल्या लहान निर्मितीगृहास झेपेल अशी जतनाची पद्धत कोणती, याचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा व नागझिरा परिसर संदर्भ म्हणून घेतला असून मराठी चित्रपट, पेशवे दप्तर व व्याघ्रगणना यांतील उदाहरणांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : निर्मितीगृह, अभिलेख, मूळ चित्रण, वर्णनपत्र, पडताळणी, स्थलांतर.

१. प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव दोन गोष्टींमुळे परिचित आहे. एक म्हणजे ब्रिटिश राजवटीत बांधलेला तेथील मातीच्या पाळीचा तलाव आणि दुसरी म्हणजे नागझिरा अभयारण्याचे प्रवेशद्वार. नागझिऱ्यास १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. या प्रवेशद्वारातून अनेक वर्षे छायाचित्रकार आणि माहितीपटांचे निर्माते ये-जा करीत आले आहेत. दिवाळीनंतर याच पट्ट्यात मंडई, दंडार आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणची लहान निर्मितीगृहे हे सर्व टिपत असतात. लग्नसमारंभ, नाट्यप्रयोग, वनपर्यटनाची माहितीफीत, शाळेचे स्नेहसंमेलन, प्रचारसाहित्य अशी त्यांच्या कामाची व्याप्ती असते.

काम ग्राहकाच्या हाती पडले, मोबदला मिळाला, की प्रकल्प संपला असे मानण्याची रीत आहे. मूळ चित्रण एखाद्या हार्ड डिस्कवर राहते. पुढील हंगामात जागा कमी पडली की ती डिस्क पुसून नव्या कामास लावली जाते, किंवा कपाटात ठेवली जाते व विसरली जाते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. परंतु महानगरांतील घटनांची नोंद अनेक ठिकाणी होत असताना, चोरखमाऱ्यासारख्या गावाची दृश्य नोंद मात्र कित्येकदा एखाद्याच निर्मितीगृहाकडे असते. ती गेली तर तिला दुसरा पर्याय उरत नाही. म्हणून हा प्रश्न निर्मितीगृहाच्या खाजगी सोयीपुरता मर्यादित नसून परिसराच्या इतिहासाशी आणि निसर्ग-अभ्यासाशी निगडित आहे.

जतन ही प्रकल्प संपल्यानंतर सवडीने करावयाची गोष्ट नसून ती प्रकल्पाचीच शेवटची पायरी आहे, आणि ती पार पाडण्यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा निवड, वर्णन व नियमित पडताळणी या तीन सवयींची गरज अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. साठा, सुरक्षाप्रत आणि अभिलेख

व्यवहारात या तीन संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या जातात. त्यांतील भेद प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे.

साठा म्हणजे सामग्री कोठेतरी असणे. सुरक्षाप्रत म्हणजे चालू कामात अपघात झाल्यास ते पुन्हा उभे करता यावे म्हणून काढलेली प्रत. तिचे आयुष्य त्या कामापुरते असते व ती वरचेवर नव्या प्रतीने बदलली जाते. अभिलेख मात्र संपलेल्या कामाचा असतो. तो बदलायचा नसतो, आणि ज्या व्यक्तीने ते काम केलेच नाही तिलाही अनेक वर्षांनंतर त्याचा अर्थ लागला पाहिजे, ही त्याची कसोटी आहे.

सुरक्षाप्रत घेतली आहे या समजुतीवर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील पिक्सार या निर्मितीगृहाचे आहे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतांश फाईली पुसल्या गेल्या. सुरक्षाप्रतींकडे वळल्यावर असे लक्षात आले की प्रती घेण्याची व्यवस्थाच काही काळ नीट चाललेली नव्हती. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका त्या काळात बाळंतपणामुळे घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, आणि तिच्यामुळे चित्रपट वाचला. प्रत आहे असे मानणे आणि प्रत उघडून पाहणे यांत केवढे अंतर आहे, ते या प्रसंगावरून ध्यानात येते. एवढ्या साधनसंपन्न संस्थेला योगायोगाने तारले. लहान निर्मितीगृहाने योगायोगावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

३. हानीचे तीन प्रकार

जुनी सामग्री नष्ट होते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार केल्यास हानीचे तीन स्वतंत्र प्रकार दिसून येतात. एका प्रकारावरील उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

३.१ माध्यमाची हानी

पहिल्या प्रकारात ज्या पदार्थावर नोंद केलेली असते तो पदार्थच नष्ट होतो. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या हानीचे दाखले विपुल आहेत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याच्या चार रिळांपैकी केवळ पहिले व शेवटचे रीळ आज उपलब्ध आहे, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे १,३०० चित्रपट तयार झाले; त्यांपैकी मोजकेच, व तेही बहुधा अपुऱ्या रूपात, शिल्लक आहेत. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत हाती नाही.

या हानीची कारणे दोन होती. त्या काळातील नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती व कालांतराने तिचे विघटन होत असे. पुण्यातील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्मच्या भांडारास ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि कित्येक दुर्मीळ मूळ प्रती भस्मसात झाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर अगोदर उतरवून अन्यत्र ठेवल्या होत्या, तेच मागे उरले. दुसरे कारण आर्थिक होते. चित्रपटाचे प्रदर्शन संपले की त्याचे मूल्य संपले असे समजून, फिल्मवरील चांदी मिळविण्यासाठी जुनी रिळे विकली गेली. आज जुनी हार्ड डिस्क पुसून नव्या लग्नाच्या चित्रणासाठी वापरणारे निर्मितीगृह काही वेगळे करीत नाही. फरक इतकाच की त्या वेळी चांदी मिळे, आता काही गिगाबाइट जागा मिळते.

अंकीय माध्यमेही चिरंजीव नाहीत. हार्ड डिस्कमध्ये फिरते यांत्रिक भाग असतात व ते केव्हाही निकामी होऊ शकतात. सॉलिड स्टेट डिस्क वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यातील विद्युतभार क्षीण होण्याचा संभव असतो. लिहिता येण्याजोग्या सीडी व डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णता, आर्द्रता व प्रकाश यांनी खराब होतो. पूर्व विदर्भातील कडक उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा दमट पावसाळा ही दोन्ही टोके या माध्यमांस प्रतिकूल आहेत.

३.२ वाचनसाधनाची हानी

दुसऱ्या प्रकारात माध्यम शाबूत असते, परंतु ते वाचण्याचे साधन नाहीसे होते. महाराष्ट्रास ही अवस्था अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांमध्ये बांधून ठेवलेले कागद टिकले, मात्र मोडी लिपी व्यवहारातून मागे पडल्यावर ते वाचू शकणारे लोक कमी कमी होत गेले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाले, तेव्हा मोडी न जाणणाऱ्या वाचकाला त्या कागदांपर्यंत पोहोचता आले. कागद टिकणे आणि कागद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा बोध आहे.

अंकीय जगात ही 'मोडी' फार वेगाने निर्माण होते. व्हीएचएस कॅसेटचे यंत्र बनविणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. ॲपल कंपनीने जून २०११ मध्ये 'फायनल कट प्रो' या संपादनप्रणालीची नवी आवृत्ती आणली तेव्हा तीत पूर्वीच्या आवृत्तीतील प्रकल्प उघडता येत नव्हते. चित्रण शाबूत, परंतु कोणता तुकडा कोठे जोडला होता याची नोंद मात्र अवाचनीय, अशी स्थिती निर्माण झाली.

मराठीपुरता विचार केल्यास अक्षरसंचांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मुद्रणरचनेची कामे 'पेजमेकर' आणि 'श्रीलिपी', 'आकृती' यांसारख्या प्रणालींवर होत असत. या पद्धतीत देवनागरी अक्षराचे चित्र प्रत्यक्षात रोमन अक्षराच्या संकेतांकावर बसविलेले असे, आणि प्रत्येक प्रणालीची मांडणी निराळी होती. तो विशिष्ट अक्षरसंच संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. 'पेजमेकर'ची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्या सुमाराच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, नाटकांची पत्रके व चित्रफितींची श्रेयनामावली यांच्या फाईली अनेक निर्मितीगृहांकडे असतील. पण त्या उघडणे आज सोपे नाही. त्याच कामाची छापील प्रत किंवा साधे चित्ररूप ठेवले असेल तर मात्र ते कोणालाही वाचता येते.

३.३ संदर्भाची हानी

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. फाईल आहे, ती उघडतेही, पण ती कशाची आहे हे सांगता येत नाही.

याचे उदाहरण चोरखमाऱ्याचेच घेता येईल. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यामुळे १९९५ मध्ये चोरखमारा तलावावर काढलेल्या छायाचित्राच्या मागे 'जि. भंडारा' असे लिहिलेले असणे स्वाभाविक आहे. आज गोंदिया जिल्ह्याच्या नावाने शोध घेणाऱ्यास ते सापडणार नाही. त्याचप्रमाणे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असलेल्या गावाची नोंद कोणी 'वडसा' अशी, तर कोणी 'देसाईगंज' अशी करील. जाणकार माणूस हयात असेपर्यंत ही अडचण भासत नाही. त्याच्यानंतर मात्र संग्रहाची किल्लीच हरवते.

वन्यजीवांच्या चित्रणात संदर्भाचे मोल याहूनही अधिक आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते, आणि त्याच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही सारखे नसतात. जुन्या व नव्या छायाचित्रांतील पट्टे ताडून पाहूनच वाघाची ओळख पटविली जाते. नागझिऱ्यातून बाहेर पडून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचलेला 'जय' हा वाघ पुढे देशभर प्रसिद्ध झाला, आणि एप्रिल २०१६ नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. अशा वाघाच्या बालपणीच्या, स्थलांतराच्या व वावराच्या अभ्यासात दिनांक व स्थळ नोंदलेले एखादे साधे छायाचित्रही पुरावा ठरू शकते. तेच छायाचित्र दिनांक व स्थळ यांविना असेल तर ते केवळ वाघाचे चित्र उरते.

४. निवड : काय ठेवावे, काय टाकावे

सर्व काही ठेवावे असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते आचरणात आणता येत नाही. जेथे सर्व काही ठेवले जाते तेथे काहीच सापडत नाही, असा अनुभव येतो. म्हणून निवडीचे निकष निश्चित करणे आवश्यक ठरते. येथे 'हे पुन्हा निर्माण करता येईल काय?' हा प्रश्न मूलभूत मानावा.

संपादनाच्या सोयीसाठी तयार केलेल्या हलक्या प्रती, पूर्वदर्शनाच्या तात्पुरत्या फाईली, अर्धवट निर्यात केलेले मसुदे आणि एकाच चित्रणाच्या अनावश्यक प्रती हे सर्व मूळ सामग्रीवरून पुन्हा तयार करता येते. हा भाग निःशंकपणे काढून टाकावा. मूळ चित्रण, मूळ ध्वनिमुद्रण, अंतिम मान्य कृती, संहिता, संपादनाची नोंद, संमतिपत्रे व करार ही सामग्री मात्र पुन्हा निर्माण होत नाही. ती राखली पाहिजे.

एका हिशेबाने हे अधिक स्पष्ट होईल. सेकंदास १०० मेगाबिट या दराने केलेल्या चित्रणास तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते. समजा, एका माहितीफितीसाठी आठ तासांचे चित्रण झाले. ते ३६० गिगाबाइट झाले. ध्वनी, संहिता व अंतिम कृती यांचे ४० धरल्यास अभिलेखयोग्य सामग्री ४०० गिगाबाइट होते. प्रत्यक्ष फोल्डर मात्र तात्पुरत्या फाईलींसह १,२०० गिगाबाइटचे झालेले आहे. याचा अर्थ, निवड न करता एक प्रत ठेवण्यास जेवढी जागा लागते, तेवढ्याच जागेत निवड केलेल्या सामग्रीच्या तीन प्रती राहतात. निवडीचे कष्ट घेतल्यास वाढीव खर्च न करता तिप्पट सुरक्षितता मिळते.

निवड करताना सौंदर्यदृष्टी हा एकमेव निकष मानण्याची चूक होण्याचा संभव असतो. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. उरलेली छायाचित्रे निरुपयोगी नव्हती, कारण बिबट्या, तृणभक्षी प्राणी व माणसांचा वावर यांची माहिती त्यांतूनच मिळते. निर्मितीगृहासही हाच न्याय लावता येईल. वन्यजीवांच्या चित्रणात कलादृष्ट्या नापसंत ठरलेला, परंतु वाघाची दुसरी कूस दाखविणारा तुकडा. नाटकाच्या चित्रणात प्रयोगापूर्वी नटांमध्ये झाडीबोलीत चाललेले बोलणे. लग्नाच्या चित्रफितीत मागे दिसणारे तलावाचे काठोकाठ भरलेले पाणी, या गोष्टी ग्राहकाच्या दृष्टीने अवांतर असल्या तरी अभ्यासकाच्या दृष्टीने त्याच मुख्य ठरू शकतात. म्हणून जे प्रसंग पुन्हा घडणार नाहीत त्यांचे मूळ चित्रण शक्यतो पूर्ण ठेवावे, आणि छाटणी तात्पुरत्या फाईलींची करावी.

५. जतनाची कार्यपद्धती

५.१ प्रकल्पसमाप्तीचा दिवस

अंतिम कृती ग्राहकास सुपूर्द केल्यानंतर एक दिवस केवळ समाप्तीच्या कामासाठी राखून ठेवावा व त्याचा खर्च मूळ दरपत्रकातच धरावा. संपादकास कोणते चित्रण कोठले आहे हे त्या दिवशी तोंडपाठ असते. सहा महिन्यांनी ते आठवत नाही. या कामास पुढे जितका विलंब होतो तितके ते अवघड होत जाते.

५.२ नावे व वर्णनपत्र

फाईलीच्या नावात प्रथम वर्ष, नंतर महिना, नंतर दिवस, त्यापुढे स्थळ व अनुक्रमांक असा क्रम ठेवल्यास फाईली आपोआप कालानुक्रमे लागतात. 'अंतिम', 'अंतिम नवे', 'खरेच अंतिम' अशी नावे कटाक्षाने टाळावीत. काही जुन्या प्रणाली देवनागरी नावे नीट हाताळत नसल्याने फाईलीचे नाव रोमन अक्षरांत व अंकांत ठेवणे सुरक्षित ठरते. वर्णन मात्र मराठीत, युनिकोडमध्ये, साध्या मजकूर-फाईलीत लिहावे. साधा मजकूर उघडण्यास कोणत्याही विशिष्ट प्रणालीची गरज नसते.

प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक वर्णनपत्र असावे. ग्रंथालयशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या डब्लिन कोअर या वर्णनपद्धतीत १५ घटक आहेत. लहान निर्मितीगृहास त्यांपैकी पुढील बाबी पुरेशा होतील : प्रकल्पाचे नाव, कर्ता, दिनांक, स्थळ, विषय, सहभागी व्यक्ती, वापरलेली प्रणाली व तिची आवृत्ती, आणि हक्कांची स्थिती. स्थळाच्या रकान्यात गाव, तालुका, त्या वेळचा जिल्हा व आजचा जिल्हा, तसेच प्रचलित पर्यायी नावे नोंदवावीत. पेशवे दप्तरातील रुमालाला चिठ्ठी नसेल तर तो सोडून कागद न् कागद पाहावा लागतो. वर्णनपत्र ही आजच्या रुमालाची चिठ्ठी होय.

५.३ टिकाऊ स्वरूपे

मूळ फाईलींबरोबरच खुल्या व सर्वमान्य स्वरूपांतील प्रती ठेवाव्यात. छायाचित्रांसाठी टिफ किंवा डीएनजी, ध्वनीसाठी असंकुचित वेव्ह, आणि संहिता, पत्रके व श्रेयनामावलीसाठी दीर्घकालीन जतनाच्या हेतूने २००५ मध्ये प्रमाणित झालेले पीडीएफ-ए ही स्वरूपे उपयुक्त आहेत. चित्रफितीची अंतिम कृती शक्य तितक्या उच्च प्रतीत ठेवावी. संपादनाचा प्रकल्प त्या प्रणालीच्या स्वरूपात ठेवतानाच त्याची साध्या मजकुरातील संपादन-सूचीही निर्यात करावी, म्हणजे प्रणाली बंद पडली तरी तुकड्यांचा क्रम हाती राहील. जुन्या अक्षरसंचांतील मजकूर जोवर तो संच चालविणारा एखादा संगणक उपलब्ध आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

५.४ प्रती व त्यांची ठिकाणे

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ हा नियम येथे मार्गदर्शक ठरतो. एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक निराळ्या गावी. एकाच टेबलावरील दोन डिस्क या आग, चोरी किंवा विजेचा धक्का यांच्या दृष्टीने एकच प्रत होय. तिरोड्यातील निर्मितीगृहाने एक प्रत गोंदियास किंवा नागपूरला विश्वासू व्यक्तीकडे ठेवणे सहज शक्य आहे. इंटरनेटवरील साठवण हाही पर्याय आहे. मात्र शुल्क थकल्यास किंवा खात्याचा परवलीचा शब्द जाणणारी व्यक्ती न राहिल्यास तो साठा नाहीसा होतो, याचे भान ठेवावे.

मोठ्या संस्था एलटीओ या चुंबकीय फितीचा वापर करतात. तिची पहिली पिढी २००० मध्ये आली. फीत अनेक वर्षे टिकते. पण तिचे यंत्र सर्व जुन्या पिढ्यांच्या फिती वाचत नाही. आठव्या पिढीचे यंत्र केवळ सातव्या व आठव्या पिढीच्या फिती वाचू शकते. म्हणजेच फितीचे आयुष्य काहीही असले तरी काही वर्षांनी नव्या पिढीवर स्थलांतर करणे अपरिहार्य आहे. यंत्राची किंमत पाहता लहान निर्मितीगृहांस सध्या हार्ड डिस्कच्या प्रतीच परवडतील.

५.५ पडताळणी

फाईलीतील सर्व अंकांवर विशिष्ट गणिती क्रिया करून तिचा एक छोटा संकेतांक काढता येतो. तो फाईलीच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. फाईलीत एक बिंदू जरी बदलला तरी संकेतांक बदलतो. एमडी-५ किंवा शा-२५६ या पद्धतींनी हा संकेतांक काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. समाप्तीच्या दिवशी काढलेले संकेतांक वर्णनपत्राशेजारी ठेवावेत, आणि वर्षातून एकदा सर्व प्रतींचे संकेतांक पुन्हा काढून ताडून पाहावेत. एका प्रतीत फरक आढळल्यास दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते. फरक सर्व प्रती खराब होण्याआधी कळणे, हाच या क्रियेचा हेतू आहे.

या वार्षिक कामास आपल्या भागात पावसाळ्याचा काळ सोयीचा आहे. त्या दिवसांत अभयारण्यातील पर्यटन बंद असते, चातुर्मासामुळे लग्नांचे मुहूर्त नसतात आणि नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचा असतो. यंत्रे सुरू करून तपासण्याने दमटपणामुळे होऊ लागलेला बिघाडही वेळीच ध्यानात येतो.

६. हक्क व मर्यादा

जतनाचा हक्क आणि प्रसिद्धीचा हक्क या भिन्न गोष्टी आहेत. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये चित्रपटकृतीचे संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षे असते. सामग्री निर्मितीगृहाकडे आहे म्हणून तिचे सर्व हक्क त्याच्याकडे आहेत असे होत नाही. ते कराराने ठरतात. म्हणून करारपत्र हा अभिलेखाचाच भाग मानावा, आणि मूळ सामग्री किती काळ व कोणत्या अटींवर राखली जाईल हे प्रारंभीच लिहून घ्यावे.

खाजगी समारंभांच्या चित्रणात व्यक्तींच्या खाजगीपणाचा प्रश्न येतो. हेतू पूर्ण झाल्यावर वैयक्तिक माहिती विनाकारण राखू नये, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही अंतर्भूत आहे. कुटुंबाची संमती नसेल तर ते चित्रण त्यांच्या स्वाधीन करून आपली प्रत पुसणे हेच उचित होय. वन्यजीवांच्या बाबतीत मर्यादा निराळी आहे. छायाचित्रात नोंदले गेलेले अचूक अक्षांश-रेखांश शिकाऱ्यास वाट दाखवू शकतात. अभिलेखातील प्रतीत ते अवश्य राखावेत, पण प्रसिद्धीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रतीतून काढून टाकावेत.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की माध्यमाच्या हानीवर अनेक प्रती हा उपाय आहे, वाचनसाधनाच्या हानीवर खुली स्वरूपे व वेळोवेळी स्थलांतर हा उपाय आहे, आणि संदर्भाच्या हानीवर वर्णनपत्र हा उपाय आहे. पहिले दोन उपाय काही प्रमाणात पैशाने साध्य होतात. तिसरा मात्र ज्याने काम केले त्यालाच, आणि तेही स्मृती ताजी असतानाच करता येतो. म्हणून ज्या निर्मितीगृहास सर्व काही करणे शक्य नसेल, त्याने निदान वर्णनपत्रापासून प्रारंभ करावा.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तेव्हा मूकपटांचा बहुतांश ठेवा नाहीसा होऊन गेलेला होता. संस्था उभी राहण्यास विलंब झाला, आणि तोवर ज्यांच्या घरात वा भांडारात रिळे होती त्यांना त्यांचे मोल उमगले नव्हते. आज झाडीपट्टीतील नाट्यप्रयोगांच्या, मंडईच्या आणि नागझिऱ्याच्या अंकीय नोंदींची स्थिती काहीशी तशीच आहे. त्यांच्यासाठी एखादे मोठे संग्रहालय उद्या उभे राहीलही; परंतु त्याला देण्याजोगे काही उरेल की नाही, हे आज लहान निर्मितीगृहांच्या कपाटांत काय घडते यावर अवलंबून राहील. या कामी परिसरातील महाविद्यालयांची ग्रंथालये एक प्रत सांभाळण्याची जबाबदारी घेऊ शकतात, आणि वर्णनपत्रे तयार करण्याचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात समाविष्ट करता येईल.

चोरखमाऱ्याचा तलाव ज्यांनी बांधला ते आज नाहीत. त्यांच्यामागे पाळीची डागडुजी होत राहिली, सांडवा मोकळा ठेवला गेला, म्हणून त्यात पाणी साठते. संग्रहाचेही असेच आहे. तो एकदा उभारून भागत नाही. दरवर्षी कोणीतरी पाळीवरून फिरून यावे लागते.